गिरीराजच्या गाडीला दम लागतो

मुलगी मनात भरणं आणि गाडीनं मान टाकणं, या दोन गोष्टी एकाच आठवड्यात कुणाच्या वाट्याला येऊ नयेत. गिरीराज चौगुलेच्या आल्या. त्यात गंमत अशी की मुलीला आधी ती गाडीच आवडली होती.

गिरीराज बेंगळूरच्या पीण्या वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात क्वालिटीला होता. तिथं पंपाचे शाफ्ट बनायचे, आणि एखादा वाकडा निघाला की तो का निघाला हे शोधून काढायचं, हे याचं काम. त्याची रीत ठरलेली. पाच वेळा ‘का’ विचारायचं. शाफ्ट वाकडा का? पकड ढिली होती. पकड ढिली का? असं खणत गेलं की पाचव्या ‘का’पाशी खरं कारण हाती लागतं, यावर त्याची देवापेक्षा जास्त श्रद्धा. बरं, ही खोड कारखान्याच्या गेटवर सोडून घरी यावं की नाही? नाव नको. दूध उतू गेलं की हा आईपुढं उभा. “दूध उतू का गेलं? लक्ष नव्हतं. लक्ष का नव्हतं?” तिसऱ्या ‘का’ला अंबूबाईच्या हातात उलथणं यायचं, त्यामुळं त्या घरातलं एकही खरं कारण आजवर सापडलेलं नव्हतं.

अंबूबाई आणि वडील शिवाप्पा मूळचे निपाणीकडचे, पण दासरहळ्ळीत संसार थाटल्याला जमाना झालेला. घरात मराठी, दारात कन्नड, आणि भांडण जुंपलं की दोन्ही. मुलाचं लग्न जमत नाही ही अंबूबाईची एकच टोचणी. कुणाला पीण्यातली नोकरी नको असायची, कुणाला दासरहळ्ळीचं घर. अशात लग्नाच्या साइटवर पुण्याची आश्लेषा सापडली. महादेवपुऱ्यात कामाला, जिभेला धार, आणि पहिल्याच फोनवर म्हणाली, “बाइक आहे ना तुझ्याकडे? मग बाइकनेच फिरू. सीरियसली, कॅबवाला सगळं ऐकत बसतो.”

गाडी होती. जुनी, कार्बोरेटरवाली, लाल रंगाची. तिच्यात मोडकं म्हणावं असं एकच, सीटचं कुलूप. कडेला थाप मारली की सीट टपकन उघडायची. पण इंजिन म्हणाल तर खणखणीत. म्हणून तर गिरीराजनं छाती फुगवून सांगून टाकलं, “माझी गाडी कुठलाही चढ हसत चढते.” असं बोलू नये माणसानं. वास्तू तथास्तु म्हणते म्हणतात, पण ती नेमकी कुठल्या वाक्याला म्हणते ते आधी कळत नाही.

पहिल्या भेटीच्या दिवशी अंबूबाईनं गाडीला हळदकुंकू लावलं, हार घातला, बराच वेळ तिच्याभोवती घुटमळली. निघताना गाडी स्वल्प जड वाटली, पण त्याचं चित्त कुठं थाऱ्यावर होतं? मेट्रोपाशी आश्लेषाला घेतलं. ती मागं बसून बडबडत राहिली, हा आरशात बघत राहिला, आणि यशवंतपूरच्या वळणावर एक पाण्याचा टँकर त्याच्या गुडघ्याला अगदी घासून गेला. पँटवर चिखलाचा पट्टा उमटला. आश्लेषाची बडबड एकदम थांबली.

मल्लेश्वरमला कॉफीच्या दुकानापाशी त्यानं गाडी लावली. “सीटखाली काही ठेवू नकोस हं, कुलूप मोडलंय, थाप मारली की उघडते,” असं तिला बजावलं आणि तो कॉफी आणायला आत गेला. परत येतो तर ही सीटवर दणादण हात मारतेय.

“काय झालं?”

“कुठे काय? धूळ झटकत होते,” ती म्हणाली आणि कॉफीत डोकं घातलं.

त्या दिवशी निरोप घेताना ती छान हसली, पण बोलली एवढंच, “बघू.” आता ‘बघू’ला होकार म्हणावं की नकार? पुण्याच्या माणसाचं ‘बघू’ हे एक वेगळंच प्रकरण असतं असं गिरीराजनं ऐकलं होतं. रात्रभर तो त्या शब्दाला ‘का’ विचारत तळमळला, आणि सकाळी कारखान्याला निघाला तर गाडीनं मान टाकलेली.

मान टाकली म्हणजे बंद नाही पडली. बंद पडली असती तर बरं झालं असतं. जागेवर गुरगुरायची, पण पळ म्हटलं की रडायची. मूठ पिळावी तितकी ती आणखी गुदमरायची. दासरहळ्ळीच्या रस्त्यावर एका भाजीच्या हातगाडीवाल्यानं त्याला मागं टाकलं आणि वर वळून हसला.

घरी येऊन त्यानं तक्रार केली, टँकरची हकिगतही सांगितली. अंबूबाईनं लगेच बोटं मोडली. “दृष्ट लागली! एवढी देखणी पोरगी मागं बसलेली, सगळ्या गावाचे डोळे गाडीवरच की!”

“अगं, इंजिनाला कसली दृष्ट?” शिवाप्पा पेपरातून डोकं वर काढून म्हणाले. “शिकल्यासवरल्या पोराला काय सांगालीस? तू म्हणजे अगदी… आणि माझं चष्म्याचं फडकं कुठं ठेवलीस गं?”

“मी कशाला घेऊ तुमचं फडकं?”

“मग काय पाय फुटले त्याला?”

फडक्यावरून भांडण कन्नडमध्ये शिरलं तसा गिरीराज गाडी ढकलत महांतेशण्णाच्या गॅरेजला गेला.

महांतेशण्णा विजापूरकडचा, मनानं राजा, पण एक होतं. ‘ठाऊक नाही’ हे शब्द त्याच्या तोंडाला कधी लागलेच नव्हते. त्यानं गाडीकडं नुसतं बघून सांगितलं, “क्लच प्लेट.” प्लेटा बदलल्या. गाडी रडतेच. “मग कार्बोरेटर.” तोही खोलून धुतला. रडतेच. “पेट्रोलात पाणी हाय बघा सार.” टाकी रिकामी करून भरली. रडतेच. मग त्यानं बाजूचं झाकण काढून एअर फिल्टर बाहेर घेतला, तो स्वच्छ निघाला. झाकण उघडं ठेवूनच त्यानं मूठ पिळली, आणि काय सांगावं, गाडीनं अशी डरकाळी फोडली की पलीकडच्या बेकरीतलं मांजर पळालं.

“झालं की हो! सरी, बरोबर झालं!” महांतेशण्णानं हात झटकले आणि झाकण लावून दिलं.

गल्लीच्या टोकाला गिरीराज पोचेपर्यंत पुन्हा तेच रडगाणं. डॉक्टरच्या पुढ्यात पोराचा ताप उतरावा आणि घरी आलं की चढावा, तशातली गत. तो परत वळला. महांतेशण्णानं झाकण काढलं, गाडी डरकाळली. लावलं, रडली. मग त्यानं कमरेवर हात ठेवून आकाशाकडं बघितलं आणि म्हणाला, “बेंगळूरची हवाच बदलली सार, काय करता?”

प्लग मात्र गिरीराजनं स्वतः काढून पाहिला होता. काजळासारखा काळा. ते त्याच्या डोक्यात कुठंतरी रुतून बसलं, पण तेवढ्यात आश्लेषाचा मेसेज आला की शनिवारी भेटू, आणि डोकं पुन्हा कामातून गेलं.

शनिवारी जे झालं ते वैऱ्याच्या वाट्याला येऊ नये. यशवंतपूरकडच्या रेल्वेपुलाचा चढ. असा काय मोठा डोंगर नाही, पण गाडी मध्यावर येऊन नुसतीच थरथरायला लागली. मागून हॉर्न सुरू झाले. गिरीराजच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“जरा… उतरतेस का?” तो म्हणाला.

आश्लेषा उतरली. तिच्या तोंडावरचा भाव त्याला मागच्या आरशात दिसला, आणि न दिसता तर बरं असं झालं. ती कठड्याच्या कडेनं चालायला लागली, हा शेजारून गाडी हाकतोय, आणि ती याच्या पुढं निघून चाललीय. एका ऑटोवाल्याला वाटलं नवराबायकोचं वाजलं. त्यानं रिक्षा हळू करून आश्लेषाला समजावलं, “अक्का, बसा की गाडीवर. घरोघरी असतंच हे.” वर गिरीराजकडं बघून डोळ्यांनीच दटावलं.

त्या दिवशी हॉटेलात आश्लेषानं नुसती काळी कॉफी मागवली. एरवी फोनवर मसाला डोसा आणि वर केसरीभाताच्या बाता मारणारी बाई ती! गिरीराज इडली खाता खाता तिला प्लगचा काळा रंग सांगत बसला. तुझ्या वजनाचा यात काही संबंध नाही, हे सांगायला त्यानं तोंड उघडलं आणि वेळीच मिटलं, कारण ते वाक्य कसंही बोललं तरी वाईटच ऐकू येतं.

शेवटी तीच म्हणाली, “हे बघ, आईने एक अमेरिकेचं स्थळ आणलंय. रविवारी रात्री तिला काहीतरी सांगायलाच हवं. उद्या आपण देवरायनदुर्गच्या डोंगरावर जाऊ या? वर शांत असतं, बोलता येईल.” मग कप बाजूला सारून, “चढेल ना गाडी?”

“हसत,” गिरीराज म्हणाला. मरणाची भीती वाटत होती, तरी म्हणाला. कारण आता गाडी वर पोचली तर बोलणं, आणि बोलणं झालं तर लग्न. अधेमधे गाडी बसली तर समोर अमेरिका टपलेलीच होती.

रविवारी पहाटे अंबूबाईनं गाडीला लिंबूमिरची बांधली, गाडीवरून नारळ ओवाळून फोडला, आणि पोराला आत पाणी प्यायला पाठवून स्वतः बाहेर काहीतरी खुडबूड केली. “हलवू नको कुठं काही,” ती गंभीरपणे म्हणाली. कशाला हलवू नको हे विचारायची गिरीराजला शुद्ध नव्हती.

तुमकूर रस्ता सपाट आहे म्हणून निभावलं. ट्रॅक्टर पुढं गेला, हरकत नाही. बायकांनी भरलेला टेंपो पुढं गेला, त्या बायकांनी हात केले, आश्लेषानंही केले. पण देवरायनदुर्गाचा घाट लागला आणि पहिल्याच वळणावर गाडीनं एक उचकी दिली, दुसरी दिली, आणि जागेवर धापा टाकत उभी राहिली.

“उतरते,” आश्लेषा त्यानं सांगायच्या आत म्हणाली, आणि जाऊन घाटाच्या कठड्यावर बसली. समोरच्या झाडावर दोन माकडं येऊन बसली. एवढ्या सकाळी करमणूक चालून आलेली, ती कशाला सोडतील?

गिरीराजनं हेल्मेट काढलं. त्याला रडू यायचं बाकी होतं. एखादा दुसरा असता तर गाडीला लाथ घालता, पण त्याचा पिंड पडला क्वालिटीचा. तो गाडीपुढं उकिडवा बसला आणि मोठ्यानं सुरू झाला.

“गाडी का चढत नाही? ताकद नाही. ताकद का नाही? पेट्रोल नीट जळत नाही, प्लग काळा पडतोय. नीट का जळत नाही? हवा कमी पडतेय. पण फिल्टर तर स्वच्छ होता.”

“गिरीराज, तू गाडीशी बोलतोयस,” आश्लेषा म्हणाली.

“थांब. महांतेशण्णानं झाकण काढलं की गाडी डरकाळायची. लावलं की रडायची. म्हणजे झाकण उघडं असताना हवा मिळत होती! बंद असताना मिळत नाही. का मिळत नाही?” तो ताडकन उभा राहिला. “ज्या नळीतनं हवा आत जाते तिचं तोंड कुठं असतं? सीटखाली!”

“राहू दे ना,” आश्लेषा एकदम कठड्यावरून उतरली. “आपण चालत जाऊ वर. व्यायाम होईल. खरंच, मला आवडतं चालायला.”

“अगं एक मिनिट.”

“नको उघडूस म्हटलं ना! उगाच… माकडं बघतायत.”

माकडांचा आणि सीटचा संबंध काय हे गिरीराजला कळेना. त्यानं थाप मारली. सीट टपकन उघडली.

आत अख्खं देवघर नांदत होतं. लाल कापडाची गच्च पुरचुंडी. चिंचलीच्या मायाक्कादेवीचा भंडारा, गाठ आईची, शंकाच नको. तिच्यावर खणाच्या कापडाची दुसरी, ताजी, आज पहाटेची. गिरीराजनं कपाळावर हात मारला. गाडीला दम लागला की आई पुरचुंडी वाढवणार, आणि पुरचुंडी वाढली की गाडीला आणखी दम लागणार! तिच्या शेजारी मठातल्या विभूतीची तिसरी पुरचुंडी, आणि ती बांधलेली होती चष्म्याच्या फडक्यात.

“अप्पा!” तो ओरडला. “इंजिनाला कसली दृष्ट, म्हणे! वर फडकं शोधायचं नाटक!”

तीनही काढून त्यानं टाकीवर ठेवल्या. तरीही नळीचं तोंड दिसेना. त्या तिघींच्या पलीकडं, थेट तोंडावर, इंजिनानं ओढून घट्ट चिकटवून घेतलेली एक चौथी होती. चिमुकला बटवा, पैठणीच्या काठाचा, बंदाला दोन मोती. अंबूबाईनं जन्मात असला बटवा बघितला नसता. गिरीराजनं तो सोडवून घेतला आणि उघडून पाहिला. आत अंगारा.

“ही कुणाची?” तो स्वतःशीच म्हणाला. “आमच्यात नाही असलं कुणाकडं.”

 त्यानं वळून बघितलं. आश्लेषा पाठ करून उभी होती आणि माकडांचं फारच बारकाईनं निरीक्षण करत होती. कान मात्र लालबुंद झाले होते. मग याला मल्लेश्वरमची कॉफी आठवली आणि ती धूळ आठवली.

“आश्लेषा, हे तू का ठेवलंस?”

“आईने पाठवलं होतं पुण्याहून. चतुःशृंगीचा अंगारा आहे. परक्या गावात फिरतेस, जवळ ठेव म्हणाली.”

“मग जवळ का नाही ठेवलंस?”

“तो टँकर तुला घासून गेला ना. मला नाही.”

“पण आपण तर पहिल्यांदाच भेटत होतो. माझी एवढी काळजी का?”

आश्लेषा वळली. डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसतही होती, ॲक्च्युअली कुठलं खरं ते तिलाही सांगता आलं नसतं. “कारण माझं त्याच दिवशी ठरलं होतं. पुरे आता?”

 तो कठड्यावर बसला. “मग इतके दिवस बघू, बघू का करत होतीस? मला सांगितलं का नाहीस?”

“तू विचारलंस का?” आता ती खवळली. “टँकरवर बोललास, क्लच प्लेटवर बोललास, काल इडली खाताना त्या प्लगचा रंग सांगितलास मला! आज तर मी तुला डोंगरावर घेऊन आले, म्हटलं वर गेल्यावर तरी विचारेल. गाडीला पाच पाच वेळा ‘का’ विचारतोस, मला एकदा तरी विचारलंस का?”

 खरंच की, इतक्या दिवसांत त्यानं तिला एक सरळ प्रश्न म्हणून विचारला नव्हता. नकार येईल म्हणून घाबरून तो गाडीमागं लपत होता आणि वर स्वतःला हुशार समजत होता.

“करतेस का माझ्याशी लग्न?”

“हो म्हटलं ना,” आश्लेषा म्हणाली. म्हटलं नव्हतं, पण हुज्जत घालायची ही वेळ नव्हती, एवढं गिरीराजलाही कळलं.

त्यानं किक मारली, मूठ पिळली. घाटभर डरकाळी घुमली आणि दोन्ही माकडं धूम पळाली. चारही पुरचुंड्या आश्लेषानं आपल्या ओढणीत बांधून मांडीवर घेतल्या, आणि गाडी दोघांना घेऊन हसत हसत डोंगर चढली. पाठीमागून ती सारखी म्हणत होती, “बघ, माझं वजन नव्हतं,” आणि हा सारखं म्हणत होता, “मी तसं कधी म्हटलं?”

वर देवळापाशी पोचतात तोच अंबूबाईचा फोन. तिला धीर कुठला?

“चढली का रे गाडी?”

“चढली आई. पोरगी पण हो म्हणाली.”

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि शिवाप्पांना “अहो, ऐकलं का, हो म्हणाली!” असं तिनं तीनदा सांगितलं. मागून शिवाप्पांनी विचारलेलंही ऐकू आलं, “आणि गाडी? गाडी बरी झाली का?”

“बरी झाली हो!” अंबूबाई फोनमध्येच ओरडली. “अरे गिऱ्या, तुला सांगितलं नाही, पण सीटखाली मायाक्काचा भंडारा ठेवलाय मी. गुण आला बघ! आता जन्मभर तिथनं हलवू नको.”

गिरीराजनं आश्लेषाकडं बघितलं. तिनं मांडीवरचं गाठोडं घट्ट धरलं आणि मान हलवून, सांगू नको, अशी खूण केली.

“नाही हलवत,” तो म्हणाला.